घर सोडण्याचं गाणं

ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश त्रयीचं 'स्मॉलटाउन बॉय' हे १९८४ सालचं गाणं आज कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर शोधलं, तर ते साधारण दोन प्रकारच्या याद्यांत सापडतं. एक, ऐंशीच्या दशकाच्या गोड आठवणी. दुसरी, रात्री उशिरा, एकट्याने, शक्यतो बाहेर पाऊस असताना ऐकायची उदास गाणी. दोन्हीकडे ते चपखल बसतं आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. हे घरातून निघून जावं लागलेल्या मुलाचं गाणं आहे. तो समलिंगी आहे, गावात मार खातो, घरात त्याच्यासाठी जागा उरत नाही, म्हणून एका सकाळी बॅग उचलून तो गाडीत बसतो. आणि आपण, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले श्रोते, ते लावतो ते कशासाठी? तर तरुणपणाच्या घरी परत गेल्यासारखं वाटावं म्हणून.

स्मरणरंजनाचा बाजार सगळ्याच गाण्यांचं असं करतो, हे मान्य. बहुतेक गाण्यांचं त्यात काही बिघडत नाही. पण या गाण्यातली उदासी हवेतून आलेली नाही. तिला कारण आहे, त्या कारणाला तारीख आहे, कायद्याचं कलम आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ते कारण आज रात्रीच्या जेवणालाही पंगतीत बसलेलं असेल. म्हणून आवडतं जुनं गाणं पुन्हा सापडलं की ते कशाबद्दल होतं हेही विचारावं, असं माझं म्हणणं आहे. त्याने रसभंग होतो असं मला वाटत नाही. झाला तरी चालेल.

आधी गाणंच ऐकू. सुरुवातीला सिंथसायझरचे संथ, लांबवलेले सूर येतात. त्यांच्यावर एक उंच, शब्दांआधीची हाक. मग बेसची छोटीशी ओळ फिरायला लागते, मागे यंत्राचा ठेका धरला जातो आणि पाय हलायला लागतात. वर जिमी सोमरव्हिल फॉल्सेटोत गात राहतो. पुरुषाचा आवाज इतक्या उंचीवर, इतका उघडा, की ऐकणाऱ्याला क्षणभर अवघडल्यासारखं व्हावं. शब्द फार थोडे आहेत. काळी छोटी बॅग, फलाटावरचा वारा-पाऊस, आईला कधीच न कळणारं कारण, गावभर होणारी कुजबुज, आणि तुला जे हवंय ते या घरात मिळायचं नाही हा निर्वाळा. ध्रुवपद म्हणजे जवळजवळ एकच क्रियापद: पळ.

बर्नार्ड रोझने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत हे सगळं आणखी स्पष्ट आहे. पोहण्याच्या तलावावर मुलाची नजर एका पोहणाऱ्या तरुणाकडे जाते. पुढे टोळकं त्याला गाठून मारतं. पोलीस त्याला घरी आणून सोडतात आणि घरच्यांना सगळं कळतं. निघताना आई मिठी मारते. बाप पैसे देतो, पण मुलाने पुढे केलेला हात हातात घेत नाही. पैसे देणारा आणि हात न घेणारा बाप! एवढ्या दोन-तीन सेकंदांत त्या काळच्या ब्रिटनमधल्या कष्टकरी घराबद्दल जितकं सांगून होतं तितकं सांगायला एखाद्या समाजशास्त्रज्ञाला प्रकरण लिहावं लागेल.

गाणाऱ्यांविषयीही थोडं. सोमरव्हिल आणि स्टीव्ह ब्रॉन्स्की ग्लासगोचे, लॅरी स्टाइनबाचेक इंग्लंडच्या साउथएंडचा. तिघेही पंचविशीच्या आतले आणि तिघेही उघडपणे समलिंगी. त्या वेळच्या ब्रिटिश पॉपमध्ये पुरुषांनी काजळ-लाली लावणं नवं नव्हतं, पण मुलाखतीत प्रश्न आला की बहुतेक जण हसून विषय बदलत. हे तिघे साध्या टी-शर्टमध्ये, केस बारीक कापून, कसलीही वेशभूषा न करता उभे राहिले आणि जे आहे ते सांगितलं. गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या त्यांच्या अल्बमचं नाव होतं 'द एज ऑफ कन्सेंट', म्हणजे संमतीचं वय. रेकॉर्डच्या आतल्या वेष्टणावर वेगवेगळ्या देशांत समलिंगी संबंधांसाठी कायद्याने किती वय ठरवलंय याची यादीच छापली होती. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने पुरुषांमधले खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते, पण वयाची अट २१ ठेवली होती. मुलगा-मुलगी असतील तर १६. त्या पाच वर्षांच्या फरकावर तीन पोरांनी अख्खा अल्बम उभा केला.

त्या वेळी भारताचं नाव अशा यादीत घालायचं झालं असतं तर आकडा कुठला लिहिणार? आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ होतं. त्यात संमतीला जागाच नव्हती, त्यामुळे संमतीच्या वयाचा प्रश्नही येत नव्हता. ज्यांनी ते कलम इथे आणलं त्यांनी आपल्या घरची तरतूद १९६७ मध्ये सैल केली. आपण मात्र साहेबाने दिलेला तो वारसा पुढे अर्धशतक 'भारतीय संस्कृती' म्हणून जपला.

माझ्यापर्यंत हे गाणं आलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सांगलीतल्या एका वसतिगृहात. कोणाच्या तरी चुलत भावाने पुण्याहून कॅसेट भरून आणली होती. तेव्हा दुकानदाराला गाण्यांची यादी द्यायची, नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायची, अशी पद्धत होती. कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने 'इंग्लिश मिक्स' इतकंच लिहिलेलं. गायक कोण, देश कुठला, साल कुठलं, काही नाही. वेष्टण नाही, यादी नाही, संमतीचं वय वगैरे तर लांबच. आम्ही बहुतेक मराठी माध्यमाचे. टेपच्या खरखरीतून इंग्रजी शब्द सुटे करायची आमची ताकद नव्हती. जे कानात शिरलं ते असं: कोणीतरी गाव सोडतोय, त्याला वाईट वाटतंय, आणि कोणीतरी 'रन अवे' म्हणतंय.

आम्हाला तेवढं पुरेसं होतं. आम्ही सगळेच पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने आलो होतो. कोणी जतचा, कोणी कवठेमहांकाळचा, कोणी कोकरूडकडचा. रविवारी दुपारी मेसचं जेवण झालं की ते गाणं लागायचं आणि खोलीभर एक सुखद उदासी पसरायची. घरची आठवण यायची, आणि घरी परत जायचं नाहीये याचं बरंही वाटायचं. त्या ऐकण्यात खोटं काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन. स्थलांतर हे त्या गाण्यात खरोखरच आहे.

माझा रूम पार्टनर मात्र ते वेगळं ऐकत होता. (त्याला विचारून लिहितोय. गाव, विषय, वर्षं इथे मुद्दाम मोघम ठेवली आहेत.) तो ते गाणं पुन्हा पुन्हा मागे घ्यायचा, एक ओळ ऐकायचा, थांबवायचा, लिहायचा. प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानांवर त्याने सगळे शब्द उतरवून काढले होते, काही चुकीचे, बहुतेक बरोबर. तो इंग्रजी सुधारतोय असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर त्याच्या घरच्यांनी सुपारी फोडली आणि पंधरवड्यात तो गायब झाला. त्याचे वडील चौकशीला वसतिगृहावर आले. चहा नको म्हणाले, कॉटच्या कडेला बसले आणि आम्हाला एकच विचारत राहिले, "तुमच्यात काही बोलणं झालं होतं का रे पोरांनो?" पुढे मामाने त्याला मुंबईतून शोधून आणलं. लग्न झालं. सगळं रीतसर झालं.

अलीकडे, आम्ही दोघे पन्नाशीला टेकल्यावर, हे गाणं मला ॲपने आपण होऊन ऐकवलं आणि मी त्याला त्याची लिंक पाठवली. त्याचा फोन आला. तो आता वेगळा राहतो. बायकोला त्याने काही वर्षांपूर्वी सगळं सांगितलं, आणि त्या बाईने त्यानंतर काय काय सोसलं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तो लेख तिने लिहायला हवा. फोनवर तो म्हणाला, "तुम्हाला त्यात एसटी दिसायची रे. मला तो पोरगा दिसायचा."

तेव्हापासून मला ती 'उदास गाणी' छापाची यादी सहन होत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. गाणं एकदा सुटलं की ते ऐकणाऱ्याचं. कवीच्या मनात काय होतं याची पावती मागत कोणी कविता वाचत नाही. अभंग म्हणणारा प्रत्येक जण वारकरी असतो असंही नाही. शिवाय हे गाणं नाचण्यासाठीच बांधलेलं आहे. दुःखाला ठेका लावणं ही त्याच्या कर्त्यांचीच निवड होती. मग २००६ मध्ये सुपरमोड या स्वीडिश जोडीने ब्रॉन्स्की बीटच्याच दोन गाण्यांचे तुकडे घेऊन क्लबसाठी नवं गाणं केलं आणि त्यात मुख्यतः 'पळ' उरलं, तर त्यात वावगं काय? आणि जिमच्या ट्रेडमिलवर 'पळ' हा शब्द तर फारच सोयीचा.

मी आणखी एक पाऊल पुढे जाऊन आक्षेपाच्या बाजूने बोलतो. हे गाणं चुकीचं ऐकू येऊ शकतं, म्हणूनच ते इतक्या घरांत शिरलं. शीर्षकात समलिंगी हा शब्द नाही, ओळींतही नाही. कारण सांगितलेलं नाही, परिणाम तेवढा सांगितलाय. ज्याला कळायचं त्याला कळलं, ज्याला नाही कळलं त्याने ते निर्धास्तपणे रेडिओवर वाजू दिलं. सांगलीच्या त्या खोलीत ते नाव घेऊन आलं असतं तर कॅसेट पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर गेली असती आणि माझ्या रूम पार्टनरला शब्द उतरवायला मिळाले नसते. या गाण्याचं मोघम असणं हे त्याचं पारपत्र होतं.

पण हा युक्तिवाद १९८४ ला लागू होतो, १९९२ लाही होतो. आज का व्हावा? धोका असताना जे झाकून ठेवावं लागलं ते धोका कमी झाल्यावरही झाकलेलंच ठेवायचं, आणि वर त्याला 'गाणं ऐकणाऱ्याचं असतं' असं सुंदर नाव द्यायचं, ही सोय फक्त आमच्यासारख्या एसटी पाहणाऱ्यांची आहे. तो पोरगा पाहणाऱ्याची नाही. माझा अर्थ मी सोडावा असं कोणी म्हणत नाहीये. माझ्या अर्थाने त्याचा अर्थ पुसू नये, एवढंच. स्ट्रीमिंगने नेमकं हेच केलंय. भरलेल्या कॅसेटलाही वेष्टण नव्हतं, पण ती गरिबी होती. छापायला पैसे नव्हते, माहिती मिळायला मार्ग नव्हता. आज ॲपला गाण्याचा ठेका, वेग, तुम्ही ते किती वाजता ऐकता, पाऊस असताना ऐकता की ऊन असताना, सगळं नोंदवता येतं. वेष्टणावरची ती देशांची यादी तेवढी दाखवायला त्याच्याकडे जागा नाही. असं वेष्टण फाडण्याला मी गरिबी म्हणणार नाही.

दुसरा एक समज या उदास यादीमुळे पसरतो. सिंथ-पॉप म्हणजे जगाकडे पाठ फिरवून, डोळे मिटून स्वतःतच बुडालेल्यांचं संगीत. ब्रॉन्स्की बीटच्या बाबतीत हे उघड खोटं आहे. गाणं आलं तेव्हा ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. मार्च १९८४ ते मार्च १९८५, अख्खं वर्ष. मुंबईचा गिरणी संप पाहिलेल्या आपल्या पिढीला असा संप म्हणजे घरात काय असतं हे सांगायला नको. लंडनमधल्या काही समलिंगी तरुण-तरुणींनी खाणकामगारांसाठी डबे हलवून पैसे गोळा करायला सुरुवात केली आणि साउथ वेल्सच्या डुलाइस खोऱ्यातल्या कुटुंबांना मदत पाठवली. १० डिसेंबर १९८४ ला लंडनच्या कॅमडेन भागात इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये निधीसाठी मोठा कार्यक्रम झाला. त्यात मुख्य बँड होता ब्रॉन्स्की बीट.

आता हे नीट पाहा. ज्या छोट्या, कष्टकरी गावातून गाण्यातला पोरगा पळाला होता तशाच गावांसाठी ही पोरं गात होती. आणि त्या गावांनी ते विसरलं नाही. १९८५ च्या जूनमध्ये लंडनच्या समलिंगी हक्कांच्या 'प्राइड' मोर्चात खाणकामगार आपले बॅनर घेऊन सर्वांत पुढे चालले. त्याच वर्षी लेबर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी हक्कांचा ठराव संमत झाला, तेव्हा खाणकामगार संघटनेची मतं त्याच्या बाजूने पडली. पुढची वाट सरळ नव्हती. १९८८ मध्ये थॅचर सरकारने कलम २८ आणून स्थानिक संस्थांना, आणि त्यांच्या शाळांमध्येही, समलिंगी नात्यांचा 'प्रचार' करायला मनाई केली. वयाची अट १९९४ मध्ये १८ वर आली आणि सर्वांसाठी समान १६ व्हायला २००१ उजाडलं. पण गाणं ज्या घराला अशक्य म्हणत होतं ते घर बदलू शकतं, हे त्या कोळशाच्या खोऱ्याने गाण्यानंतरच्या वर्षीच दाखवून दिलं होतं. कुजबुजीतून हे झालं नाही. कोणीतरी येऊन नाव घेऊन सांगितलं, म्हणून झालं.

आपल्याकडे हा विषय 'पाश्चात्त्य' म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी एकच आठवण देतो. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक मराठी रंगभूमीवर आलं १९८१ मध्ये. म्हणजे ब्रॉन्स्की बीटच्या तीन वर्षं आधी, समलिंगी मुलगी नायिका म्हणून आपल्यासमोर उभी होती. त्याच्याही मागे जायचं तर पुरुषाच्या उंच, नाजूक आवाजाचं मराठी कानाला वावडं कधी होतं? बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांवर आपण पिढ्यान् पिढ्या जीव टाकला, घरंदाज बायकांनी त्यांच्या नेसण्याची नक्कल केली. आणि त्याच घरांतल्या पोरांनी शाळेच्या मैदानावर जरा हळुवार बोलणाऱ्या वर्गमित्राला 'बायल्या' म्हणून रडवलं. रंगमंचावर चालतं, अंगणात चालत नाही. परकं आपल्याला ते कधीच नव्हतं. ते घरात आलं की काय करायचं, एवढंच आपण ठरवलं नव्हतं.

आणि इथे गाणं आपल्यापुढे तोकडं पडतं. त्या व्हिडिओतला बाप मुलाला जाऊ देतो. निष्ठुरपणे, हात न घेता, पण जाऊ देतो. मराठी घर सहसा असं हाकलत नाही. ते आवळतं. माझ्या रूम पार्टनरचे वडील त्याला शोधत वसतिगृहावर आले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतली काळजी खरी होती, हे मी पाहिलंय. त्याच काळजीने त्याला परत आणलं आणि बोहल्यावर उभं केलं. "लग्न लावून द्या, होईल सरळ" हे वाक्य आपल्याकडे रागाने कमी आणि मायेने जास्त बोललं जातं. म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड. हाकललेल्या मुलाबद्दल निदान सहानुभूती वाटते. आवळलेल्या मुलाला तर लोक नशीबवान म्हणतात, आणि त्याच्या शेजारी उभ्या केलेल्या मुलीला कोणी काही विचारतच नाही.

या आवळण्याला आपल्याकडे एक सरकारी हातही आहे. मुलगा किंवा मुलगी सज्ञान असली तरी घरचे पोलिसांत 'बेपत्ता' म्हणून तक्रार देतात आणि पोलीस शोधून आणतात. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला गेल्या तेव्हा असंच झालं. त्यांच्या याचिकेवर ७ जून २०२१ ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आदेश दिला. बेपत्ता झालेली व्यक्ती सज्ञान आहे आणि स्वेच्छेने नात्यात राहते हे जबाबातून कळलं, तर पोलिसांनी त्रास न देता तक्रार बंद करावी. हा निकाल लिहिण्याआधी त्यांनी हा विषय समजून घेण्यासाठी स्वतः मानसतज्ज्ञाबरोबर बसायची तयारी दाखवली आणि आपल्यातले पूर्वग्रह निकालपत्रात मोकळेपणाने नोंदवले. एका न्यायाधीशाने असं करणं मला त्या आदेशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ बाद केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते परत जिवंत केलं, ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा बाद केलं. विवाहाचा हक्क ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला. ही मोठ्या मथळ्यांची मालिका बहुतेकांना ठाऊक असते. कमी चर्चा झालेला निकाल मार्च २०२४ चा आहे. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांना सांगितलं की अशी घर सोडलेली सज्ञान व्यक्ती समोर आली, तर समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा किंवा तिला आईवडिलांकडे परत वळवायचा प्रयत्न करू नका. माणसाचं कुटुंब म्हणजे फक्त जन्माचं कुटुंब नव्हे, त्याने निवडलेली माणसंही त्याचं कुटुंब असू शकतात, हेही त्यात आलं.

म्हणजे घर सोडायचा हक्क आता कायद्याच्या पुस्तकात बऱ्यापैकी आहे. पुढचा प्रश्न फारच साधा आहे: त्या रात्री झोपायचं कुठे? ब्रिटनमध्ये १९८९ साली मँचेस्टरमध्ये अल्बर्ट केनेडी नावाच्या १६ वर्षांच्या पळून आलेल्या मुलाचा पाठलाग होत असताना इमारतीवरून पडून मृत्यू झाला. त्याच्या नावाने घरातून बाहेर पडलेल्या समलिंगी तरुणांना निवारा देणारी संस्था निघाली आणि ती आजही चालू आहे. आपल्याकडे केंद्र सरकारची 'गरिमा गृह' योजना आहे. ती ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे आणि गरजेपुढे फार छोटी आहे. सोलापूरहून दादरला उतरलेल्या एकोणीस वर्षांच्या समलिंगी पोराला तिच्यात खाट नाही. काही स्वयंसेवी संस्था, काही मित्रांच्या खोल्या, नाहीतर फलाट.

यावर 'आधी समाजाची मानसिकता बदलू द्या' असं उत्तर मिळतं. मानसिकता बदलेपर्यंत मुलगा कुठे थांबणार, हे ते उत्तर देणारे सांगत नाहीत. सरकारकडे वसतिगृहं चालवायचा दांडगा अनुभव आहे. नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, मागासवर्गीय विद्यार्थ्यांची आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी, सांगलीसारख्या, सोलापूरसारख्या, अशा मुलामुलींसाठी चार-सहा खाटा राखून ठेवायला घटनादुरुस्ती लागत नाही. आणि आहेत त्याच वसतिगृहांच्या प्रवेश अर्जावर 'पालकाची सही' असा एक रकाना असतो. अर्जदार सज्ञान असेल तर तिथे त्याने निवडलेल्या दुसऱ्या सज्ञान माणसाची सही चालेल, एवढं सांगणारं एका पानाचं परिपत्रक मंत्रालयातून निघू शकतं. त्याचा मसुदा लिहायला एक दुपार पुरते.